तापीकाठची लांब ओहोटी

मुंबईचा पक्षीमित्र हिवाळ्यात शिवडीच्या जेट्टीवर जायचं ठरवतो, तेव्हा आधी भरतीची वेळ बघतो. रोहित पक्षी पाण्याच्या मागे चालतात. पाणी ओसरलं की चिखलात पसरतात, चढलं की काठाकडे सरकतात. वेळ चुकली तर समोर नुसतं पाणी, नाहीतर लांबवर एक गुलाबी रेघ. आमच्या नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही आणि बंदरही नाही. पण तापी आहे. प्रकाशा आणि सारंगखेडा इथल्या बॅरेजमुळे तिचं पाणी पात्रात थांबतं, आणि खाली गुजरातेत १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाई धरणाचा फुगवटा आमच्या जिल्ह्याच्या हद्दीत शिरतो. या पाण्यांच्या काठावर बरेच हिवाळे काढले. त्यातून जे कळलं ते लिहितो आहे. नव्याने दुर्बीण घेतलेल्या कुणाला तरी उपयोगी पडेल.

१. आधी पाणी बघा, मग पक्षी

बंदरावर भरती-ओहोटी दिवसातून दोनदा होते. आमच्याकडे एकच ओहोटी होते, आणि ती चार-पाच महिने चालते. पावसाळा सरला की पाणी अडवतात. दिवाळीच्या सुमारास ते काठच्या बाभळींच्या बुंध्यांना टेकलेलं असतं. मग सिंचन, पिण्याचं पाणी, बाष्पीभवन, खालच्या बाजूला सोडलेलं पाणी, अशा सगळ्यांनी मिळून पातळी हळूहळू उतरते. मला कळलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच: आमच्या जिल्ह्यातलं हिवाळी पक्षीनिरीक्षण म्हणजे ही लांब ओहोटी वाचणं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात पात्र तुडुंब असतं आणि बघायला फार काही नसतं. पाणकावळे, वारकरी, एखादा कवड्या धीवर. पुष्कळ जण तेव्हाच एकदा येऊन जातात आणि ‘तिकडे काही नाही’ म्हणून सांगतात. डिसेंबरच्या मध्यावर काठ उघडा पडू लागतो. जानेवारीत त्याच जागी चिखलाचा पट्टा तयार होतो आणि तिथेच सगळं घडतं.

हा पट्टा जवळून बघितला की त्याच्यात तीन वाटण्या दिसतात. वरचा भाग वाळून तडकलेला असतो. तिथे धोबी शेपटी हलवत फिरतात, तीरचिमण्या ढेकळांच्या रंगात मिसळून जातात. त्याखाली ओला, चकाकणारा चिखल. टिलवे आणि कंठेरी चिखले तिथेच. चिखल्या दोन पावलं धावतो, थबकतो, चोच मारतो. टिलवा थांबतच नाही, शिलाई मशिनच्या सुईसारखी त्याची चोच खालीवर चाललेली असते. त्याच्या पुढे घोट्याएवढं पाणी, आणि त्यात लांब तांबड्या पायांचे शेकाटे. आणखी पुढे जरा खोल पाण्यात थापट्या बदकं पसरट चोच पाण्यात धरून गोल गोल फिरतात. ज्याचे पाय जेवढे लांब, चोच जेवढी लांब, तेवढं आत त्याचं ताट. एकाच काठावर इतक्या जाती नांदतात त्या अशा. पाणी हातभर उतरलं की ही सगळी पंगत हातभर खाली सरकते. म्हणून आज जिथे टिलवे दिसले तिथेच महिन्याने जाऊन बसू नका, पाण्याची कड कुठे गेली ते बघा.

उघड्या पडलेल्या गाळावर लोक गाळपेर करतात. हरभरा, गहू, कुठे भाजीपाला. त्या वाफ्यांतून पाय टाकत दुर्बीण घेऊन निघू नका. ते कुणाचं तरी वर्षाचं पीक आहे.

२. दक्षिणेचा काठ धरा

इथे तापी पूर्वेकडून पश्चिमेला वाहते आणि हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. प्रकाशाच्या, म्हणजे उत्तरेच्या काठावरून बघितलं तर उन्हाची चकाकी डोळ्यांवर येते आणि सगळी बदकं काळी दिसतात. नंदुरबारकडच्या काठावर ऊन पाठीशी राहतं, चक्रवाकाचा नारिंगी रंग चांगला दूरवरून ओळखू येतो. थंडी जास्त असेल तर आठ वाजेपर्यंत पाण्यावर धुक्याची चादर असते. घाई करून उपयोग नाही.

३. पाण्यावर ज्यांचं पोट आहे त्यांना विचारा

मासेमारी करणारा माणूस त्या पाण्यावर वर्षभर असतो. कुठल्या वळणावर कधी काय उतरतं ते त्याला ठाऊक असतं. पहाटे जाळं ओढून परतणारे एक आजोबा मला बघितलं की लांबूनच हात करून सांगत, “आज आठे काही नई शे, तठे जा भाऊ.” त्यांच्या ‘तठे’ला मी कधी नाही म्हटलं नाही. पक्ष्याची जात त्यांनी सांगावी अशी अपेक्षा नव्हतीच. पण ‘काळं, कपाळावर पांढरा टिळा, कोंबडीएवढं’ एवढ्यावर वारकरी ओळखायला दुर्बीणही लागत नाही.

त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट कळली. थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा ट्रकच्या ट्यूबवर बसून हाताने पाणी मारत जाणाऱ्या माणसाला बदकं फारशी भीत नाहीत. तो रोजचा असतो, बुटका दिसतो, आणि त्यांच्याकडे बघत नाही. काठावर ताठ उभं राहून त्यांच्याच दिशेने चालत येणारा माणूस मात्र त्यांना शंभर पावलांवरूनही खपत नाही. म्हणून बसा. बांधाच्या, झुडपाच्या आडोशाला खाली बसा आणि त्यांना जवळ येऊ द्या. मान वर काढून सगळा थवा एका बाजूला पोहू लागला की समजायचं, आपण जास्त पुढे आलो. तिथून मागे यायचं. हजारो किलोमीटर उडून आलेल्या जिवाला आपल्या फोटोसाठी पुन्हा उडायला लावणं मला सहन होत नाही.

४. यात्रेचे दिवस सोडा

मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते, घोड्यांचा मोठा बाजार असतो. यात्रा बघायला जरूर या. पक्षी बघायला त्या दिवसांत दुसरं पाणी निवडा.

५. झोपलेलं बदक सोडून देऊ नका

दुपारी थवाच्या थवा चोच पाठीत खुपसून बसलेला दिसतो आणि नवखा माणूस कंटाळतो. पुष्कळ बदकं रात्री चरतात, दिवसा विश्रांती घेतात. तेव्हा हा त्यांचा आळस नाही, झोपेची वेळ आहे. आपल्यासाठी सावकाश मोजायची हीच उत्तम संधी. मी एका टोकाने सुरुवात करतो. हळदी-कुंकू बदक आपल्याकडे बारमाही असतं आणि आकाराने मोठं असतं, ते डोळ्यांत बसवून घेतो. मग त्याच्यापेक्षा लहान कोण, सडपातळ कोण, लांब मानेचं कोण, असं बघत जातो. तलवार बदकाचा नर शेपटीच्या टोकदार पिसांवरून ओळखतोच. माद्या मात्र सगळ्याच मातकट, ठिपक्याठिपक्यांच्या. तिथे रंगाच्या मागे लागू नये. चोचीचा आकार, डोक्याची ठेवण आणि सोबत कुठला नर आहे यावरून अंदाज येतो. नाही आला तर वहीत ‘बदक, जात नक्की नाही’ असं लिहायचं.

पट्टकादंब दिसले तर त्यांना वेळ द्या. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे आडवे पट्टे. मंगोलिया, तिबेटच्या पठारांवर पिलं वाढवून हे हंस हिमालय ओलांडून येतात. उपग्रहाच्या मदतीने माग ठेवलेल्या एका पट्टकादंबाची उंची सात हजार मीटरच्या वर नोंदली गेली आहे. कोवळं गवत आणि पिकाचे शेंडे खायला ते शेतात उतरतात, त्यामुळे हरभऱ्याच्या मालकाची त्यांच्याविषयीची तक्रार खरी असते. ती ऐकून घ्यावी, त्याच्याशी वाद घालू नये.

६. एकदा तरी नदीच्या शेवटापर्यंत जा

मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावलेली तापी ७२४ किलोमीटर वाहून सुरतजवळ समुद्राला मिळते. नंदुरबारहून सुरतेला थेट रेल्वे आहे. मगदल्ला बंदर, डुमस, हजिरा हा सगळा तिच्या मुखाचा भाग. खंभातच्या आखाताची भरती देशातल्या सगळ्यात मोठ्या भरत्यांपैकी, त्यामुळे ओहोटीला चिखल नजर पोचेल तिथवर उघडा पडतो आणि पक्षी त्यात विखरून लांब जातात. पाणी चढू लागल्यावर, पूर्ण भरतीच्या दीड-दोन तास आधी काठावर असावं. पाणीच त्यांना आपल्याकडे घेऊन येतं.

सुरतेत नदीवरच्या कॉजवेवर हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवे असतात. लोक हौसेने गाठिया फेकतात, पक्षी हवेतल्या हवेत झेलतात, फोटो सुंदर येतात. तरी मी ते टाकत नाही आणि बरोबरच्यांनाही टाकू देत नाही. तेल-मिठाचं तळण हे मासे-किडे खाणाऱ्या पाखराचं अन्न नाही. त्यापेक्षा मार्चमध्ये पुन्हा जा. हिवाळाभर ज्यांच्या डोक्यावर कानामागे नुसता एक काळा डाग होता, त्यांचं डोकं तपकिरी होत चाललेलं दिसेल. काहींचं अर्धं, काहींचं पूर्ण. जायची वेळ झाल्याची ती खूण.

७. नोंद खरीच हवी

हा धडा पाण्याचा नाही, पण तो आमच्याच मातीत घडला आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये जगापुढे आणलं. पुढे जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र त्याचा खात्रीचा पत्ता नव्हता. अपवाद एकच. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नावाजलेल्या संग्राहकाने १९१४ मध्ये गुजरातेतल्या, तापीकाठच्या मांडवीला तो मिळाल्याची चिठ्ठी आपल्या नमुन्याला लावली होती. लोक शोधत राहिले. पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्याही हाती काही लागलं नाही.

पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले जुने नमुने तपासले तेव्हा उलगडा झाला. मांडवीचा तो नमुना मुळात डेव्हिडसनचा होता. ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, पुन्हा शिवून, त्याला खोटी चिठ्ठी लावली होती. ती नोंद बाजूला काढून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट खऱ्या नोंदींच्या जागा शोधत निघाले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. आमच्या लाकूडतोड्यांच्या, गुराख्यांच्या डोक्यावर तो एवढी वर्षं बसतच होता.

एका माणसाच्या खोट्या ओळीने शोधाची दिशा किती काळ भरकटते, हे मी नव्या मुलांना प्रत्येक वेळी सांगतो. मोबाइलवरच्या यादीत आज कुणीही कुठलंही नाव टाकू शकतो. दुर्मीळ पक्षी दिसला अशी शंका असेल तर त्याचं वर्णन लिहा: किती अंतरावरून, कोणत्या उजेडात, किती वेळ, चोच कशी, पाय दिसले का. नाव शेवटी लिहा.

८. या पाण्याखाली गावं आहेत

उकाईच्या फुगवट्यावर होडीतून जाताना नाव वल्हवणाऱ्या भाऊंनी एकदा वल्हं थांबवून खाली बोट दाखवलं. “इथं आमचं शेत होतं.” आम्ही त्या वेळी चक्रवाकांचा थवा मोजत होतो. उत्तरेला नर्मदेवर सरदार सरोवराच्या पाण्यात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं आली. पुनर्वसनासाठी तिथल्या माणसांनी किती वर्षं लढा दिला ते या जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. नर्मदेकडचं पाणी डोंगरांच्या उभ्या उतारांमध्ये अडलेलं, खोल आहे. चिखलाचा पट्टा फार कमी, म्हणून चिखल्या-टिलव्यांची गर्दीही कमी. उकाईचा काठ उथळ, सपाट, पूर्वीच्या शेतांचा. पाणपक्ष्यांना तो मानवतो, कारण ती कसदार काळी जमीन होती.

‘धरणामुळे पक्षी वाढले’ असं वाक्य मी लिहीत नाही. पक्षी आले हे खरं, पण हिशोबाचं ते अर्धं पान झालं. पक्षी बघायला जाताना काठावरच्या विस्थापितांच्या वस्तीत थांबावं, चहा घ्यावा, होडीचे पैसे घासाघीस न करता द्यावेत, आणि जुन्या गावाचं नाव विचारावं. माझ्या वहीत जागेच्या नावापुढे आता बुडालेल्या गावाचं नावही असतं.

९. जानेवारी राखून ठेवा

१९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, आपल्या देशात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (‘बीएनएचएस’) तिच्या समन्वयात असते. महाराष्ट्रातले बहुतेक डोळे तेव्हा नांदूर-मधमेश्वर, जायकवाडी, उजनी, ठाण्याची खाडी यांवर असतात. तिथे मोजणारे पुष्कळ आहेत. आमच्या तापीच्या लांबलचक पात्रावर फार थोडे. ज्या पाण्यावर कुणी बसत नाही तिथली साधी वारकऱ्यांची संख्याही कामाची असते, दर वर्षी त्याच जागी, त्याच सुमारास घेतली तर आणखीच. पक्ष्यांच्या आकड्याबरोबर पाण्याची कड किती उतरली आहे तेही लिहा. त्यासाठी मी काठावरच्या एका ठरावीक दगडापासून पावलं मोजतो.

एकट्याने मोजताना पात्राच्या मधला थवा कधी दोनदा धरला जातो, कधी सुटतो. दोन्ही काठांवर एकेक माणूस असेल, फोनवर वेळ जुळवून घेतली असेल आणि मध्यावर एखादी खूण ठरवली असेल, तर ही अडचण राहत नाही. येत्या जानेवारीत कुणी यायला तयार असेल तर नंदुरबारकडचा, ऊन पाठीशी असलेला काठ त्यांनी घ्यावा. प्रकाशाच्या बाजूला मी बसेन.