फेरी रद्द म्हणजे काय?

स्टँडवरच्या खिडकीतून नियंत्रक सांगतात, "आज ती फेरी रद्द." शब्द थोडेच, पण ऐकणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा अर्थ वेगळा लागतो. ज्याच्या घरी मोटारसायकल आहे तो मोबाईल काढून भावाला बोलावतो. ज्याच्या घरी नाही तो हातातली पिशवी खाली ठेवतो आणि रस्त्याकडे बघत बसतो. परिसर अभ्यासासाठी बाईंनी आम्हाला "गावाची वाहतूक" हा विषय दिला तेव्हा मी हाच प्रश्न निवडला. फेरी का रद्द होते, आणि पिशवी खाली ठेवणारी माणसे कोण? थोडी माहिती पुस्तकांतून व वर्तमानपत्रांतून घेतली. बरीचशी मात्र वडीलधाऱ्यांना आणि एस.टी.च्या वाहककाकांना विचारून मिळवली.

आधी आपला मुलूख पाहू. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत आगगाडी नाही. पुणे-नाशिक रेल्वेविषयी मोठी माणसे कधीपासून बोलतात, पण रूळ अजून पडलेला नाही. पुण्याहून नाशिकला जाणारा महामार्ग मंचर, नारायणगाव, आळेफाटा असा जातो आणि त्यावर एस.टी.ची रीघ असते. पण महामार्गाला लागून गावे किती? बाकी सगळी आत. जुन्नरच्या पश्चिमेला घाटघर, आंबे-हातवीज आणि आंबेगावात आहुपे ही गावे तर थेट सह्याद्रीच्या कड्यावर आहेत.

आपण येडगावची मुले, म्हणून हे धरणावरून लवकर समजेल. कुकडी प्रकल्पाची पाच धरणे आहेत : येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. धरण भरलेले आहे, कालवा तुडुंब वाहतो आहे, पण चारीला पाणी सोडले नाही तर रान कोरडेच राहते. महामार्गावरच्या गाड्या म्हणजे कालवा. गावात येणारी फेरी ही आपली चारी.

एस.टी. सुरू झाली १ जून १९४८ रोजी. पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला (२०२४ पासून अहिल्यानगर) गेली. लाकडी बांधणीची बेडफर्ड गाडी होती. किसन राऊत हे चालक आणि लक्ष्मण केवटे हे वाहक होते. त्याआधी खाजगी सर्व्हिस मोटारी चालत. मोटार भरली की सुटायची, असा त्यांचा कारभार असे. सरकारी गाडी आली आणि वेळापत्रक आले. माणसे असोत की नसोत, साडेसातची गाडी साडेसातला सुटणार, ही गोष्ट तेव्हा लोकांना नवलाची वाटली असणार. आता आपल्याला त्याचे काही वाटत नाही. वाटते ते गाडी चुकली की.

१९५० साली रस्ता वाहतूक महामंडळांचा कायदा झाला. त्यात दोन गोष्टी आहेत, आणि माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे. एका कलमात म्हटले आहे की महामंडळाने लोकांना पुरेशी, चांगली आणि परवडणारी सेवा द्यावी. दुसऱ्या कलमात म्हटले आहे की महामंडळाने धंद्याच्या तत्त्वाने कारभार करावा. पहिले कलम गाडीला वाडीकडे ओढते, दुसरे महामार्गाकडे. एस.टी.चे ब्रीद "बहुजन हिताय, बहुजन सुखाय" असे आहे. ते पहिल्या कलमाच्या बाजूचे. डिझेलचे बिल दुसऱ्या कलमाच्या बाजूचे.

आता थोडे गणित. एस.टी.त "भारमान" नावाचा शब्द आहे. गाडीत जेवढी आसने असतात त्यांपैकी किती भरली, त्याचे शेकडा प्रमाण म्हणजे साधारणपणे भारमान. ४४ आसनांच्या गाडीत २२ माणसे असली तर भारमान ५०. ज्या फेरीचे भारमान कमी, किंवा दर किलोमीटरमागे उत्पन्न कमी, ती फेरी आधी डोळ्यांवर येते.

समजा, एका वाडीहून बाजारगावाचे पूर्ण तिकीट २० रुपये आहे. सकाळच्या गाडीत पास असलेली २० मुले, अर्ध्या तिकिटाच्या १० बायका, फुकट प्रवास असलेली ५ म्हातारी माणसे आणि पूर्ण तिकिटाची ६ माणसे बसली. एकूण ४१ माणसे, म्हणजे गाडी जवळजवळ भरली. पण वाहकाच्या पिशवीत किती आले? बायकांचे १०० आणि सहा जणांचे १२०. झाले २२० रुपये. म्हणजे ११ पूर्ण तिकिटे. गाडीत ४१ माणसे आणि पिशवीत ११ माणसांचे पैसे!

मग बाकीचे पैसे कुठे गेले? ते सरकारने द्यायचे असतात. सवलती सरकारने दिल्या आहेत, म्हणून त्यांची भरपाई सरकार महामंडळाला करते. विद्यार्थ्यांच्या पासात ६६.६७ टक्के सवलत असते, म्हणजे तीन दिवसांच्या प्रवासाला एका दिवसाचे भाडे. मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे. पंचाहत्तरी पार केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे, आणि सर्व महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट. ही भरपाईची रक्कम वेळेवर आली तर ठीक. उशिरा आली तर डिझेल, टायर, सुटे भाग, पगार सगळेच अडून बसते. जून २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांनी एस.टी.ची श्वेतपत्रिका काढली, तिच्यात साठलेला तोटा १० हजार कोटी रुपयांच्या वर दाखवला आहे. त्याच वर्षी जानेवारीत भाडेही १४.९५ टक्के वाढले होते.

फेऱ्या कमी होण्याचे दुसरे कारण गाड्यांचे. मार्च २०२० मध्ये करोनामुळे एस.टी. बंद झाली. ती कुठे रुळावर येते तोच ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. आम्हाला राज्य सरकारात विलीन करा, अशी त्यांची मागणी होती. उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर यायला सांगितले, तेव्हा संप मिटला. साडेपाच महिने! करोनाआधी महामंडळाकडे सुमारे १८ हजार गाड्या होत्या. नंतर त्या पंधरा-साडेपंधरा हजारांवर आल्या. १५ वर्षांपेक्षा जुन्या सरकारी गाड्या १ एप्रिल २०२३ पासून रस्त्यावर आणायच्या नाहीत असा केंद्राचा नियमही झाला. गाड्या कमी झाल्या की कात्री कुठे लागते? पुणे-नाशिकला लागत नाही. ज्या वाडीला दिवसात तीन फेऱ्या होत्या तिथे दोन होतात. आषाढी वारीला पंढरपूरला जादा गाड्या सोडतात किंवा लग्नाला प्रासंगिक करारावर गाडी देतात, तेव्हाही आधी गावाकडची फेरीच रद्द होते. (सहलीला आपणही एस.टी.च ठरवतो, हे इथे सांगितले पाहिजे.)

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हिचा मी पुष्कळ विचार केला. आमच्या ओळखीची एक वाडी आहे, तिचे नाव लिहीत नाही. तिथे सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशी गाडी यायची. संध्याकाळची बंद झाली, कारण तिला माणसे कमी. त्यानंतर सकाळच्या गाडीलाही माणसे कमी झाली. का? कारण सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी परत येणार कसा? ज्यांना जमले त्यांनी हप्त्यावर मोटारसायकल घेतली. कोणी मुलाला मामाच्या गावी ठेवले. मग कागदावर दिसले की या मार्गाला प्रवासीच नाहीत. प्रवासी होते, त्यांना परतीची गाडी नव्हती. म्हणून नुसते भारमान पाहून फेरीची गरज कळत नाही, असे मला वाटते. ज्याला दुसरा उपाय आहे तो आधी एस.टी. सोडतो. शेवटी गाडीत जी दहाबारा माणसे उरतात, त्यांना दुसरा उपायच नसतो. माणसे कमी होतात तशी गरज कमी होत नाही, उलट उरलेल्यांची गरज जास्त असते.

ही दहाबारा माणसे कोण? फाट्यावर बसून विचारले. एक आजी श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला बँकेत निघाल्या होत्या. त्या म्हणाल्या, "यष्टीला मला काय पडत नाय बाळा, पर यष्टी यावी तर लागंल ना!" हे मला फार पटले. एक मावशी मेथीच्या जुड्या घेऊन बाजाराला चालल्या होत्या. जीपवाला माणसाचे वेगळे आणि पाटीचे वेगळे पैसे घेतो, त्यात नफाच जातो म्हणाल्या. एका काकांना दर महिन्याला सरकारी दवाखान्यातून बीपीच्या गोळ्या आणायच्या असतात. पश्चिमेकडच्या वाड्यांवरून मजुरीला येणारी माणसेही अशीच. एक दिवस गाडी आली नाही की त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडतो. आणि गाडीतून नुसती माणसे येत नाहीत. बाहेरगावी शिकणाऱ्या दादांचे जेवणाचे डबे कितीतरी घरांनी वर्षानुवर्षे एस.टी.नेच पाठवले. चालकाच्या मागे ओळीने ठेवलेल्या डब्यांना वास कसा येत असेल!

पण सर्वांत जास्त मुले. अकरावी-बारावीला नारायणगाव, जुन्नर किंवा ओतूर गाठावेच लागते, आणि कितीतरी वाड्यांवरून आठवीलाच बाहेर जावे लागते. आपल्या तालुक्यात याला आणखी एक बाजू आहे, ती पुण्याच्या माणसाला कदाचित कळणार नाही. ती म्हणजे बिबट्या. माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे ते काही उगीच नाही. दोन्ही बाजूंनी उभा ऊस, मधून रस्ता, आणि हिवाळ्यात सहाला अंधार. फाट्यावर उतरून दोन-तीन किलोमीटर चालायचे असेल तर आईबाप मुलाला कदाचित पाठवतील. मुलीला मात्र "आता घरीच बस" म्हणतात. तिच्याकडे मोफत पास असतो, पण गाडी नसेल तर तो पास दप्तरातच राहतो. आमच्या वर्गातल्या तिघीजणींनी मला विचारले, "पुढच्या जूनचं काय?" मला उत्तर देता आले नाही.

वडाप आहे की, असे काही पालक म्हणतील. आहे, आणि अडीअडचणीला ते उपयोगी पडते. पण वडाप भरल्याशिवाय हलत नाही, पास घेत नाही, आणि परीक्षेच्या दिवशी आठला सुटेलच असे नाही. म्हणजे १९४८ च्या आधीची सर्व्हिस मोटारच.

हे आपल्याकडेच आहे असे नाही. इंग्लंडात १९८६ साली, लंडन सोडून, बसचा धंदा खाजगी कंपन्यांना मोकळा केला. तोट्याच्या मार्गांना तिथले जिल्हा कौन्सिल पैसे देत असे. २०१० नंतर त्या कौन्सिलांचे पैसे कमी झाले आणि खेड्यांतल्या पुष्कळ बस बंद पडल्या. मग जानेवारी २०२३ मध्ये सरकारने तिकीट जास्तीत जास्त दोन पौंड केले (२०२५ पासून तीन). शहरातल्या लोकांना त्याचा फायदा झाला. ज्या खेड्यात बसच येत नाही तिथल्या म्हातारीला दोन पौंडांचे काय? आपल्या फाट्यावरच्या आजींसारखेच झाले.

सगळा दोष एस.टी.चाच आहे असे मी म्हणणार नाही. मुक्कामी गाडीचे उदाहरण घ्या. ती रात्री गावात येते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघतात. कॉलेजच्या मुलांना आणि दवाखान्याला जाणाऱ्यांना तीच गाडी सोयीची. पण दिवसभर गाडी हाकलेल्या माणसाला झोपायला कोरडी जागा, पाणी आणि संडास नको का? काही गावे हे नीट देतात, भाकरीसुद्धा विचारतात. काही गावांत त्यांना देवळाच्या ओट्यावर डास मारत बसावे लागते. गाडी वळवायच्या जागेत आपण मोटारसायकली लावतो आणि टपऱ्या टाकतो. रस्त्यावर आलेल्या फांद्या काचा फोडतात. वाहककाका म्हणाले, "गाडी आत आणायला आमची ना नाही, पण वळवायला जागा तर ठेवा."

बंद फेरी परत सुरू होऊ शकते. ग्रामसभेत ठराव करायचा आणि तो अर्जाबरोबर आगार व्यवस्थापकांना द्यायचा. अर्जात नुसते "गाडी सुरू करावी ही विनंती" लिहून भागत नाही. किती विद्यार्थी, कोणत्या शाळेचे, शाळा किती वाजता भरते व सुटते, बाजाराचा वार कोणता, दवाखान्याची वेळ काय, हे आकडे हवेत. कधी कधी नवी गाडी लागतही नाही. साडेचारची फेरी सव्वापाचला केली तरी मुलांना ती मिळते आणि भारमानही वाढते. पास काढायला स्टँडवर रांग लावण्याचा त्रासही कमी झाला आहे. जून २०२५ मध्ये महामंडळाने पास थेट शाळेत देण्याची मोहीम काढली. त्यासाठी मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांची यादी आगाराकडे पाठवायची असते.

या लेखाच्या खाली एक कोरा कागद आणि दोऱ्याला बांधलेली पेन्सिल लावली आहे. भित्तिपत्रक बघायला आलेल्या पालकांनी त्यावर आपली वाडी, घरातून बाहेरगावी किती मुले जातात, त्यांची जाण्याची व येण्याची वेळ आणि फाट्यापर्यंत किती चालावे लागते एवढे लिहावे. नाव लिहिले नाही तरी चालेल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी आम्हाला सांगावे, आम्ही लिहून घेऊ. कागद भरला की बाई तो ग्रामसभेत देणार आहेत.