जुन्या गाडींतील वीज व अग्निभय

मोटारीस आग लागते ती पेट्रोलमुळें, असा सर्वसाधारण समज आहे. पेट्रोल हें सरपण होय, हें खरें. परंतु ठिणगी पुष्कळदां विजेची असते. हा धडा आम्हांस पुस्तकानें नव्हे, तर आमच्या घरच्या अठरा वर्षांच्या व्हॅननें शिकविला.

गाडीच्या बॅटरीचा दाब अवघा १२ व्होल्ट. कोरडा हात लागला तरी धक्का बसत नाहीं, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. परंतु तार तापते ती प्रवाहामुळें. आणि जूल याच्या नियमाप्रमाणें प्रवाह दुप्पट झाला कीं उष्णता चौपट होते. गाडीचा पोलादी सांगाडा बॅटरीच्या ऋण टोकास जोडलेला असतो. म्हणजे सारी गाडी हीच परतीची तार होय. वर्षानुवर्षें उष्णता व हादरे सोसून तारांवरील प्लॅस्टिकचें वेष्टन तडकतें, पत्र्याच्या कडेवर घांसतें, किंवा उंदीर तें कुरतडतात. उघडें तांबें पत्र्यास टेकलें म्हणजे प्रवाहास जवळची वाट मिळते. त्या वाटेचा रोध ०·०५ ओहम धरल्यास प्रवाह २४० अँपिअर होतो, आणि उष्णता हजार वॅटच्या जवळजवळ तीन शेगड्यांइतकी!

हें संकट टाळण्यासाठीं फ्यूज असतो. तार जळण्यापूर्वीं तो स्वतः वितळून प्रवाह तोडतो. एका पावसाळ्यांत आमच्या हॉर्नचा १५ अँपिअरचा फ्यूज वारंवार जाऊं लागला. शाळेस उशीर होत होता. आम्हीं फ्यूजच्या जागीं तांब्याची तार गुंडाळली आणि आपल्या हुशारीवर खूष झालों. तिसऱ्या दिवशीं भर बाजारांत जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. “बाबा, धूर!” म्हणून मागच्या आसनावरून धाकटी ओरडली. मुलांस खालीं उतरवून आम्ही पाना शोधूं लागलों, तो सांपडेना. अखेर एका दुकानदारानें आणून दिला, तेव्हां बॅटरीची तार सुटली. आसनाखालीं चार तारा वितळून एक झाल्या होत्या; पेट्रोलची नळी तेथून वीतभर अंतरावर होती.

दुसरा दोष याहून कपटी आहे. ६० वॅटचे दोन दिवे मिळून १० अँपिअर प्रवाह घेतात. त्यांचा रोध १·२ ओहम. गंजलेल्या जोडानें त्यांत ०·२ ओहमची भर घातली कीं प्रवाह ८·६ अँपिअरवर उतरतो. दिवे मंद होतात, परंतु त्या चिमूटभर जागीं सुमारें १५ वॅट उष्णता सांठते. प्रवाह घटलेला असल्यामुळें फ्यूज मात्र स्वस्थ राहतो! म्हणून मंद दिवा, तापलेली कळ व जळका वास यांस फ्यूजइतकेंच महत्त्व द्यावें.

फ्यूज पुनःपुन्हां गेल्यास मोठा बसवूं नये, कारण शोधावें. नवा दिवा वा भोंगा स्वतंत्र फ्यूजवांचून जोडूं नये. किल्ली काढली तरी कांहीं तारांत वीज असतेच, हें विसरूं नये. धूर दिसतांच गाडी थांबवून किल्ली बंद करावी व सर्वांनीं दूर जावें. ज्वाला दिसल्यास इंजिनावरील झांकण उघडूं नये. हवा मिळून आग भडकते. आपल्या घरीं जुनी गाडी असल्यास हा लेख वडिलांस वाचून दाखवावा, आणि आज सायंकाळींच त्यांच्यासह फ्यूजची पेटी उघडून पाहावी. तींत कोठें तार गुंडाळलेली आढळल्यास, ती आमच्यासारख्याच एखाद्या घाईच्या माणसानें गुंडाळली असेल.