पुरापूर्वीची आवराआवर

वऱ्हाडचा मधला प्रदेश म्हणजे काळ्या मातीचे एक विस्तीर्ण मैदान होय. त्याच्या उत्तरेस गाविलगडचे डोंगर, दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगा आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी पूर्णा नदी. चंद्रभागा, शहानूर, पेढी, काटेपूर्णा, मोर्णा या नद्या तिलाच मिळतात. डोंगरात मुसळधार पाऊस झाला, की मैदानात ऊन पडलेले असतानाही या नद्या दुथडी भरून वाहू लागतात. मैदानाला उतार फार थोडा. पूर्णा तुडुंब भरली म्हणजे उपनद्यांचे पाणी तिच्यात सामावत नाही; ते मागे तुंबते आणि ओढ्यानाल्यांच्या वाटेने उलटे गावाकडे चढते. म्हणून येथे पूर कधी कधी नदीच्या बाजूने न येता परसदाराने घरात शिरतो!

जुन्या लोकांनी शेतीला ‘काळी’ आणि वस्तीला ‘पांढरी’ म्हटले. गावाची पांढरी बहुधा उंचवट्यावर असे. पुढे वस्ती वाढली, उंचवटा अपुरा पडला आणि घरे पात्राच्या काठापर्यंत उतरली. जुलै २०२१ मध्ये अकोल्यास रात्री अतिवृष्टी झाली, तेव्हा मोर्णाकाठच्या वसाहतींत पाणी शिरले. त्याहून भयंकर प्रसंग मोवाडचा. वर्धा नदीच्या एका तीरावर अमरावती जिल्हा आणि पलीकडे नागपूर जिल्ह्यातील मोवाड. ३० जुलै १९९१ रोजी वर्धेच्या महापुराने त्या गावातील २०४ माणसांचा बळी घेतला. अशा वेळी काय घ्यावे आणि काय टाकावे, याचा विचार करण्यास सवड नसते. तो विचार कोरड्या दिवसांतच करावा लागतो.

मृग लागण्यापूर्वी शेतकरी धाब्यावर नवी माती घालतो, कौले चाळतो. त्याच सुमारास घरातील मंडळींनी एकत्र बसून पुराच्या वेळी जावयाची उंच जागा ठरवावी आणि तिची वाट मुलांना एकदा चालवून दाखवावी. मागील पुराचे पाणी भिंतीवर कोठवर आले होते, हे घरातील वृद्धांना ठाऊक असते. त्या खुणेच्याही वर फळी ठोकावी. सातबारा, बँकेचे पुस्तक, शिधापत्रिका, शाळेचे दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तेथे ठेवावेत. पेरणीचे उरलेले बियाणे माळ्यावर चढवावे. कारण भिजलेली ज्वारी वाळवून कदाचित गुरांच्या उपयोगी पडेल, पण भिजून कुजलेले बी पुन्हा उगवत नाही. पूर्णाकाठचा बराचसा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. तेथे गोडे पाणी एरवीही दुर्मीळ, आणि पुरात तर विहिरी गढूळ होतात. म्हणून पिण्याच्या पाण्याची भांडी भरून, झाकून उंचावर ठेवणे अगत्याचे.

पाणी अंगणात येऊ लागताच विजेचा मुख्य खटका बंद करावा; मात्र पायाखाली ओल असताना त्याला हात लावू नये. गॅसच्या टाकीची कळही बंद करावी. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक भिंतीवर ठळक लिहिलेला असावा.

गोठ्याकडे मात्र सर्वांत आधी धावावे. दाव्याला बांधलेले जनावर पोहू शकत असूनही जागच्या जागी बुडते. आकाश भरून आले असता दाव्याला एका ओढीत सुटेल अशी गाठ मारावी. पाणी चढू लागले, की गुरे उंचावर न्यावीत. तेवढा वेळ नसेल, तर निदान मोकळी सोडावीत. गुडघाभर वाहते पाणीसुद्धा धडधाकट माणसाचे पाय उचलते; तेव्हा राहिलेल्या पेटीसाठी कोणी मागे फिरू नये.

पूर ओसरला तरी घरात जाण्याची घाई नको. मातीची भिंत पायापासून भिजलेली असते आणि ती अवचित खचते. गोवऱ्यांच्या ढिगात, गाद्यांच्या घड्यांत साप-विंचू आसऱ्याला आलेले असतात. म्हणून जाणती माणसे प्रत्येक वस्तू प्रथम लांब काठीने हलवून पाहतात आणि मगच तिला हात लावतात.