चॅसीला करवत लावण्याआधी

अ‍ॅन आर्बर, मिशिगन

चि. बाळास,


ताईचा फोन आला होता. तुझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन, डॉक्टरांनी वर्ज्य केलेला जड क्लच आणि तरीही जुनी कॉर्व्हेट घेण्याचा तुझा हट्ट, सगळं तिने एका दमात सांगितलं. पाठोपाठ दोन्ही गाड्यांच्या फोटोंसह तुझी मेल आली. दोन्ही १९६९च्या, दोन्हींत ३५० क्युबिक इंचांचं ३०० हॉर्सपॉवरचं इंजिन. एक चार गिअरची मॅन्युअल, दुसरी कारखान्यातूनच टर्बो हायड्रामॅटिक ४०० घेऊन आलेली. तुझं मन पहिलीवर बसलं आहे, कारण तिचा रंग देखणा आणि कागदपत्रं पूर्ण. तिचा गिअरबॉक्स उतरवून तिथे ओव्हरड्राइव्हवाला ऑटोमॅटिक बसवायचा तुझा बेत आहे. माझी सगळी नोकरी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या टेस्ट बेंचसमोर झाली, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो. ऑटोमॅटिक जरूर कर, पण त्या गाडीत नको. दुसरी घे.

आधी तुझ्या मनातला सल काढतो. स्पोर्ट्स कारला ऑटोमॅटिक लावणं म्हणजे गाडी बाटवणं, असं तुला मित्र म्हणतात आणि ते तुला लागतं. त्यांना सांग की १९५३ साली फ्लिंटमध्ये ज्या पहिल्या ३०० कॉर्व्हेट बनल्या, त्या सगळ्यांत दोन गिअरचा पॉवरग्लाइड ऑटोमॅटिकच होता. हाताने टाकायचा गिअर या गाडीत १९५५ साली आला. १९८२ची कॉर्व्हेट तर फक्त ऑटोमॅटिकच मिळत होती. आणि तू टेक्सासात राहतोस, तर तुमच्याच मिडलंडच्या जिम हॉलचं नाव त्यांच्यासमोर घे. त्याच्या चॅपरल गाडीत क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर होता. त्या गाडीने १९६५ साली सेब्रिंगची १२ तासांची शर्यत जिंकली आणि पुढच्या वर्षी तिच्याच पुढच्या अवताराने न्यूरबर्गरिंगची १००० किलोमीटरची. डावा पाय मोकळा ठेवून गाडी चालवण्यात कमीपणा काहीच नाही, आणि दुखऱ्या गुडघ्याने हौस सोडून द्यावी असंही मला अजिबात वाटत नाही.

आता पहिली गाडी का नको ते. त्या काळच्या मॅन्युअल कॉर्व्हेटमध्ये गिअरबॉक्सला आधार देणारा आडवा बीम चॅसीला वेल्ड केलेला असतो. ऑटोमॅटिक गाडीत तोच बीम बोल्टने बसवलेला असतो, कारण रुंद ऑटोमॅटिक खालून काढता-घालता यायला हवा. म्हणजे तुझा बेत पार पाडायचा तर पहिल्या गाडीच्या चॅसीवर करवत चालवावी लागेल. शिवाय ऑटोमॅटिक गाडीच्या रेडिएटरमध्ये गिअरबॉक्सच्या ऑइलचा कूलर असतो. मॅन्युअलमध्ये तो नसतो, तोही घालावा लागेल. पेडल, गिअर लिव्हर, मधला कन्सोल, सगळं बदलेल. मूळ गिअरबॉक्स आणि पूर्ण कागदपत्रं यांसाठी तू जास्तीचे पैसे मोजणार, आणि पहिल्याच महिन्यात ज्यासाठी मोजले तेच कापून टाकणार. पन्नासहून अधिक वर्षं कुणीतरी ती गाडी अखंड सांभाळली. ती ज्याला क्लच दाबता येतो त्याच्याकडे जाऊ दे.

दुसऱ्या गाडीत मात्र तुझं काम सरळ आहे. टर्बो ४०० दणकट आहे, पण त्याला तीनच गिअर: २.४८, १.४८ आणि १. मागचं डिफरन्शियल ३.०८चं, टायर साधारण २७ इंचांचा. या हिशेबाने ताशी ७० मैलांना इंजिन मिनिटाला सुमारे २७०० फेरे मारतं. ह्यूस्टनहून ऑस्टिनला जाताना हा आवाज कानांत बसतो. म्हणून चौथा, ओव्हरड्राइव्ह गिअर हवा, हे तुझं म्हणणं बरोबर.

तू ७००आर४ निवडलास, कारण सगळे तोच घेतात. त्याचे गिअर ३.०६, १.६३, १ आणि ०.७०. पहिल्या आणि दुसऱ्यातली दरी बघ. ५००० फेऱ्यांवर दुसरा पडला की इंजिन २६६०च्या आसपास कोसळतं. दर सिग्नलला हा झटका जाणवतो, आणि स्पोर्ट्स कारला तो मला शोभत नाही. त्याची लांबीही जास्त, आणि आधाराची जागाही टर्बो ४००पेक्षा वेगळी. तू २००-४आर बघ. त्याचे गिअर २.७४, १.५७, १ आणि ०.६७. त्याच झटक्यात इंजिन २८६०वर थांबतं, उठाव आत्तापेक्षा दहा टक्क्यांनी वाढतो, आणि ७० मैलांना फेरे १८००वर येतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याचा मागचा माउंट टर्बो ४००च्याच जागी येतो, म्हणजे आडव्या बीमला हात लावायची गरज पडत नाही. प्रॉपेलर शाफ्टचं पुढचं योक मात्र बदलावं लागेल. टर्बो ४००च्या शाफ्टला ३२ दाते, याला २७. लांबीतही थोडा फरक आहे, म्हणून गिअरबॉक्स जागेवर बसल्यावरच शाफ्टचं माप घे, आधी नाही. आणि गिअरबॉक्स घेताना त्याच्या केसवर शेव्हरोलेच्या इंजिनाची भोकं आहेत ना ते बघ. काही केसवर फक्त ब्यूक-पॉन्टियाकचीच असतात.

हा गिअरबॉक्स नाजूक, असं तुला कुणीतरी सांगेलच. साध्या सेडानमधून काढलेला, तसाच बसवला तर ते खरं आहे. पण टर्बो लावलेल्या ब्यूक ग्रँड नॅशनलला याच जातीचा गिअरबॉक्स होता. आतले भाग मजबूत करून बांधणारा कारागीर शोध आणि इंजिनाचा टॉर्क त्याला खराखुरा सांग.

झेडएफ कंपनीच्या आठ गिअरच्या ऑटोमॅटिकचा मोह मला समजतो. २००९ साली तो बीएमडब्ल्यूत आला तेव्हा त्याची रचना बघून मी थक्क झालो होतो. चार प्लॅनेटरी सेट, गिअर बदलणारे फक्त पाच क्लच-ब्रेक, आणि कुठल्याही गिअरमध्ये त्यांपैकी दोनच मोकळे! पण त्याचा मेंदू इंजिनाच्या कॉम्प्युटरशी बोलत असतो, आणि तुझ्या इंजिनावर कार्ब्युरेटर आहे. वेगळा कंट्रोलर, सेन्सर आणि फायबरग्लासच्या टनेलची कापाकापी, हे सगळं करून हायवेवर मिळणारा शेवटचा गिअर ०.६७च, म्हणजे २००-४आर इतकाच.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि हा परिच्छेद तुझ्या मेकॅनिकलाही वाचून दाखव. टर्बो ४००ला इंजिनावर किती भार आहे हे व्हॅक्यूमवरून कळतं. २००-४आरला ते कार्ब्युरेटरपासून येणाऱ्या टीव्ही, म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह, केबलवरून कळतं. जुन्या लोकांना ती किकडाउनची केबल वाटते, आणि ते ती ढिली ठेवतात किंवा जोडतच नाहीत. ती केबल आतल्या ऑइलचा दाब ठरवते. केबल ढिली म्हणजे दाब कमी, दाब कमी म्हणजे क्लच प्लेटा घसरणार, आणि नवा कोरा गिअरबॉक्स काही मैलांत जळून जाणार. असे जळलेले गिअरबॉक्स मी टेबलावर उघडून पाहिले आहेत. प्लेटा काळ्या, ऑइलला करपल्याचा वास, आणि यंत्रात दोष एकही नाही. तुझ्या गाडीच्या क्वाड्राजेट कार्ब्युरेटरचा लिव्हर या केबलसाठी घडवलेला नाही. म्हणून केबलचा कोन दुरुस्त करणारा ब्रॅकेट घे, पेडल पूर्ण दाबल्यावर केबल पूर्ण ताणली जाते याची खात्री कर, आणि गाडी रस्त्यावर नेण्याआधी प्रेशर गेज लावून दाब वाढताना स्वतःच्या डोळ्यांनी बघ. गेज लावायला कंटाळा करणाऱ्या मेकॅनिककडून गाडी परत घे.

टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअपची वायरही टाळू नकोस. चौथ्या गिअरमध्ये लॉकअप नसेल तर कन्व्हर्टर सतत घसरतो आणि ऑइल तापतं. टेक्सासचा ऑगस्ट लक्षात घेऊन रेडिएटरपुढे एक जादा कूलर लाव. लॉकअपचा करंट ब्रेकच्या स्विचमधून ने, म्हणजे ब्रेक दाबताच तो सुटेल. माउंटची उंची बदलली तर शाफ्टचे कोन बिघडून वेगात थरथर येते, तेही मोजून घे.

डिफरन्शियलला लगेच हात लावू नकोस. एक हंगाम ३.०८वर चालव. १८०० फेऱ्यांवर इंजिन कुंथतंय असं वाटलं तर ३.५५ घाल, तेव्हा ७० मैलांना २१००च्या जवळपास राहशील.

उतरवलेला टर्बो ४०० मोडीत किंवा बदल्यात देऊ नकोस. त्याच्या केसवर गाडीच्या नंबराचे आकडे ठोकलेले असतात. भोकं बंद कर, शाफ्टचं जुनं योक आणि बोल्ट पिशवीत घालून त्यालाच बांध आणि गॅरेजच्या कोपऱ्यात ठेव. जो कोणी पुढे ही गाडी घेईल, त्याला ती पुन्हा १९६९सारखी करता आली पाहिजे.

पैसे देण्याआधी दुसरी गाडी लिफ्टवर चढवून आडव्या बीमचे आणि गिअरबॉक्सच्या नंबराचे फोटो मला पाठव. बीम खरोखर बोल्टचा आहे हे मी बघितल्याशिवाय सही करू नकोस. आणि गुडघ्याचे व्यायाम चालू ठेव, ताई काळजीत आहे.

तुझा,
मामा