सम सापडली की ‘शक्ती’ सापडते

फॅन दोन प्रकारचे असतात. पहिला म्हणतो, ‘‘काय भारी वाजवलंय यार!’’ दुसराही तेच म्हणतो, पण का भारी आहे तेही सांगतो. पहिल्यांची गर्दी होते, दुसऱ्याला दर्दी म्हणतात. मित्रांनो, हा लेख गर्दीतून दर्दींकडे सरकायची इच्छा असलेल्यांसाठी.

विषय आहे जॅझ-रॉक. हॉस्टेलवर हे लावलं की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. रॉकवाले म्हणतात, ‘‘हे क्लासिकल आहे, बंद कर.’’ घरी पेटी-तबला असणारे म्हणतात, ‘‘ही भेसळ आहे, बंद कर.’’ दोघांनाही उत्तर द्यायचं तर थोडं गणित करावं लागेल. घाबरू नका, एम-थ्रीपेक्षा सोपं आहे!

आधी थोडा इतिहास. जॉन मॅकलॉफ्लिन या इंग्लिश गिटारिस्टने १९७१ साली न्यूयॉर्कमध्ये ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ काढला. इलेक्ट्रिक गिटार, व्हायोलिन, कीबोर्ड, बेस आणि बिली कोभमचे ड्रम्स. आवाज रॉकचा आणि ऐन वेळी सुचेल ते वाजवण्याची मुभा जॅझची. साधं रॉक गाणं आपण चार-चार मात्रांत मोजतो. यांचं ‘बर्ड्‌स ऑफ फायर’ (१९७३) मोजायला बसलात तर आवर्तन १८ मात्रांचं निघतं. चारच्या सवयीने मान हलवणारा तिथे चुकतो आणि मग त्याला तो गोंगाट वाटतो.

१९७३च्या अखेरीस हा मूळ संच फुटला. पुढे मॅकलॉफ्लिनने इलेक्ट्रिक गिटार बाजूला ठेवली आणि ‘शक्ती’ उभी केली. एल. शंकर व्हायोलिनवर, विक्कू विनायकराम घटमवर आणि तबल्यावर आपले माहीमचे झाकीर हुसेन. १९७५ साली प्रत्यक्ष कार्यक्रमात रेकॉर्ड केलेला त्यांचा पहिला अल्बम १९७६ मध्ये आला. ड्रमसेट नाही, कीबोर्ड नाही, तरी वेग तोच!

यात इंजिनिअरिंगही आहे बरं का. ‘शक्ती’साठी मॅकलॉफ्लिनने खास गिटार बनवून घेतली. दोन पट्ट्यांमधलं लाकूड खोलगट कोरलेलं, म्हणजे तार दाबून-ओढून मींड काढता येते. शिवाय मुख्य तारांखाली सात जादा तारा तिरप्या बसवलेल्या. सतारीच्या तरफांसारख्या त्या मागे घुमत राहतात. फिजिक्समध्ये ‘रेझोनन्स’ची व्याख्या पाठ केलीत, आता तो कानाने ऐका.

आता मुख्य धडा, तिहाई. एकच तुकडा तीनदा वाजवून बरोबर समेवर यायचं, ती तिहाई. तीनताल १६ मात्रांचा, म्हणजे पुढची सम सतराव्या मात्रेवर. आपल्या गावाचंच नाव घेऊ. श्री-रा-म-पू-र, पाच अक्षरं, एका मात्रेला एक अक्षर. समेपासून सुरू करा, मध्ये एक मात्रा गप्प राहा आणि असं तीनदा म्हणा. ५+१+५+१+५ = १७. शेवटचा ‘र’ थेट समेवर! मित्राला टाळी देत १६ मोजायला सांगा आणि तुम्ही म्हणा. पहिल्या दोन-तीन वेळा घसराल, पण एकदा जमलं की अंगावर काटा येतो.

‘शक्ती’चे लोक हेच करतात, फक्त त्यांची आकडेमोड लांबलचक असते आणि वेग आपल्या आवाक्याबाहेरचा. इंग्लंडचा गिटारिस्ट, मुंबईचा तबलजी आणि दक्षिणेतले दोन कलावंत. प्रत्येकाची तालीम वेगळी, पण सगळे उतरतात एकाच समेवर. भेसळीत खरा माल लपवावा लागतो. इथे तबला तबलाच राहतो, घटम घटमच राहतो. म्हणून ही भेसळ नाही, ही भेट आहे.

१९९७ पासून ही मंडळी ‘रिमेंबर शक्ती’ नावाने पुन्हा वाजवू लागली. पुढे त्यात गायला आले शंकर महादेवन. श्रीनिवास खळे यांच्याकडे शिकलेले आणि डिग्रीने कॉम्प्युटर इंजिनिअर! (सबमिशनचं कारण सांगून रियाज टाळणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) २०२३ साली ‘शक्ती’चा ‘धिस मोमेंट’ हा अल्बम आला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं.

त्याच वर्षी, १५ डिसेंबरला झाकीरभाई गेले. आपल्यापैकी कित्येकांना ते चहाच्या जाहिरातीतले कुरळ्या केसांचे काका म्हणूनच माहीत होते. आता तो तबला समोर बसून ऐकायचा योग कुणालाच नाही, ना मुंबईकराला ना श्रीरामपूरकराला. उरलंय ते रेकॉर्डिंग, आणि रेकॉर्डिंग जिवंत राहतं ते ऐकणाऱ्याच्या जिवावर. आपण नुसते केस आणि ‘वाह’ लक्षात ठेवले, तर बोटांनी केलेलं ते सगळं गणित आपल्यापुरतं पुसलं जाईल.

तेव्हा होमवर्क लिहून घ्या. पहिल्या अल्बममधलं ‘जॉय’, साधारण अठरा मिनिटं. मोबाईल बाजूला ठेवून ऐका. पहिल्यांदा फक्त ऐका, दुसऱ्यांदा मांडीवर बोटांनी मोजा. मोजणी तुटली तर पुन्हा पकडा. आणि दाद द्याल तेव्हा एक पथ्य पाळा : तुमची ‘वा’ समेवरच पडली पाहिजे!