गोळी आधी, जांभूळ मग

काचीगुडा, हैदराबाद
मृगाचा पहिला आठवडा

चि. अनघा हिस,


तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. विनूच्याच हाती पाठवते आहे, म्हणजे 'मिळालं नाही' म्हणायची सोय उरायला नको. परवा तो तुझ्या कोंडापूरच्या घरी इन्व्हर्टर बघायला आला होता ना, घरी येऊन पाणीसुद्धा न पिता म्हणाला, "आई, अनूने साखरेची गोळी बंद केलीय." फ्रिजवर जांभूळबियांच्या पुडीचा भलामोठा डबा, आत परदेशी ब्लूबेरीची खोकी, आणि रोज सकाळी मिक्सरमधून जे जांभळं काही निघतं ते तू 'हेच माझं औषध' म्हणून पितेस म्हणे. खरं आहे का हे? खोटं असेल तर आत्ताच्या आत्ता फोन कर, विनूच्या कानाखाली मीच आवाज काढते.

ताईला, तुझ्या आईला, यातलं अवाक्षर कळवलेलं नाही. तिचं बीपी तुला ठाऊक आहे. तिला कळलं तर पहिल्या गाडीने नांदेडहून निघेल आणि महिनाभर तुझ्या डोक्यावर बसेल. तेव्हा हे तुझ्या-माझ्यातच राहू दे. पण मला खरं सांग, गोळी कधी थांबवलीस? डॉक्टरांना विचारून, की त्या मोबाइलवरच्या बुवाचं ऐकून?

जांभळाला मी नावं ठेवतेय असं समजू नकोस. ठेवीन कशी? मृग लागला की बडी चावडीच्या गाडीवरून पाव किलो मीच आणते. गाडीवाली 'अल्ल नेरेडु' म्हणत टपोरी, गरवाली पुढे करते, आणि मी हटकून बारकी, तुरट मागते, कारण आपल्या परसातली तशीच होती. त्याला तो रंग ज्यामुळे येतो त्या द्रव्यांना अँथोसायनिन म्हणतात. तुझ्या ब्लूबेरीतही तीच, तुतीत तीच, फालशात आणि पिकल्या करवंदातही तीच. चिमुकल्या खोक्याला शेकडो रुपये मोजून, समुद्रापलीकडून आलेलं जे तू खातेस, त्याची भावंडं आपल्या गल्लीत कागदाच्या पुडीत मीठ भुरभुरून मिळतात. चोथा आहे, क जीवनसत्त्व आहे, साखर आंब्या-केळ्यापेक्षा बेताची. खा की. कुणी नको म्हटलंय? पण अनू, हे खाणं झालं. औषध निराळं.

शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे थोडं ऐकून घे. २०१३ साली हार्वर्डच्या लोकांचा एक मोठा अभ्यास आला होता, अमेरिकेतल्या १ लाख ८७ हजारांवर माणसांचा, वर्षानुवर्षं माग ठेवून केलेला. अख्खी ब्लूबेरी, द्राक्षं, सफरचंद खाणाऱ्यांमध्ये मधुमेह कमी आढळला. तुझा बुवा एवढंच सांगत असणार. पुढचं सांगत नसणार की त्याच अभ्यासात फळांचा रस पिणाऱ्यांमध्ये तो जास्त आढळला. आणि हे सगळं ज्यांना साखर झालेली नव्हती त्यांच्याबद्दल. झालेली साखर ब्लूबेरी खाऊन गेली असं त्यात कुठेही नाही. जांभळाचं म्हणशील, तर ते झाड ब्राझीललाही पोचलंय आणि तिथेही लोक साखरेवर त्याच्या पानांचा चहा पितात. तिथल्या डॉक्टरांनी रुग्णांना तो चहा देऊन रीतसर पारखून पाहिलं. साखर उतरली नाही.

आणि 'गोळी म्हणजे केमिकल, मला झाडपाल्याचंच हवं' असं तू विनूला म्हणालीस, तर हेही ऐक. युरोपात गॅलेगा नावाची एक रानवनस्पती आहे, तिकडचे वैदू शतकानुशतकं ती वापरत. तिच्यातल्या एका द्रव्याचा माग काढत काढत रसायनशास्त्रज्ञ जिथे पोचले, ती तुझी मेटफॉर्मिन. १९२२ मध्ये ती प्रयोगशाळेत पहिल्यांदा तयार झाली, १९५७ मध्ये झाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरने मधुमेहाच्या रुग्णांना देऊन आपले निष्कर्ष छापले. म्हणजे तुझी गोळीसुद्धा झाडाचीच माहेरवाशीण आहे. फरक इतकाच की तिची मात्रा मोजलेली आहे. तुझ्या डब्यातल्या चमचाभर पुडीत काय आणि किती आहे, हे डबा विकणाऱ्याला तरी सांगता येईल का?

याच आठवड्यात नामपल्लीच्या नुमाइश मैदानावर बत्तिनी घराण्याचं माशाचं औषध घ्यायला दम्याची माणसं कुठून कुठून येतात, तू बातम्यांत बघतेसच. आपल्या समोरचे मास्तर नेमाने जायचे. जिवंत मासा गिळून यायचे आणि आम्हाला हसत हसत सांगायचे. पण रांगेत उभे असतानाही त्यांच्या खिशात पंप असायचा. तो त्यांनी एक दिवस सोडला नाही. तुझी श्रद्धा मी कशाला मोडू? पण पंप खिशात हवा ना गं. तुझा पंप तू कचऱ्यात टाकलास.

आणि ते मिक्सरमधलं. विनूने डोळ्यांनी पाहिलं ते सांगते: मूठभर ब्लूबेरी, एक पिकलं केळं, चार खजूर, वरून मधाची धार, पाण्याऐवजी डब्यातला संत्र्याचा रस. अगं, यात बेरी आहे कुठे? हे तर सणाचं पक्वान्न झालं! मध 'नैसर्गिक' म्हणून रक्तातली साखर त्याला माफी देत नाही. तार्नाक्याच्या पोषण संस्थेत मी मुलींच्या सहली नेत असे. १९१८ मध्ये कुन्नूरला निघालेली ती संस्था १९५८ पासून आपल्या गावात आहे. तिने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात धडधाकट माणसाच्या दिवसाच्या ताटात फळं १०० ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम आहेत. तुझ्या एका ग्लासात दिवसभराचं फळ दोनदा संपतं. भाजी मात्र आठवड्यात कधी केलीस ते आठवून सांग.

गोळीने पोटात ढवळतं म्हणून थांबवलीस का? तसं असेल तर ते डॉक्टरांना सांगायचं. अनेकांना सुरुवातीला होतं. जेवणाबरोबर घेतली की पुष्कळदा कमी होतं, हळूहळू विरघळणारीही मिळते. त्यात बदल डॉक्टर करतील, आपण नाही. की लाज वाटली? चौतिसाव्या वर्षी साखर म्हणजे ऑफिसातले काय म्हणतील, स्थळं काय म्हणतील? हे दुखणं तू आणलेलं नाहीस. नांदेडच्या काकांना होतं, मला साठीत लागलं, आणि आमच्या वडिलांचं, दादांचं, तर तू ऐकलेलंच आहेस.

पण दादांचं तू अर्धंच ऐकलंयस. त्यांना साखर निघाली तेव्हा मी कोठीच्या वीमेन्स कॉलेजात होते. आईने धसका घेतला आणि उन्हाळ्यात घरात फळ येणंच बंद केलं. बेनिशान आंब्याची पेटी यायची, ती थांबली. पहाऱ्यावर मी. एकदा शेजारून चिरलेल्या आंब्याची ताटली आली, दादांनी दोन फोडी उचलल्या, आणि सगळ्यांदेखत मी त्या त्यांच्या हातातून काढून घेतल्या. ते काही बोलले नाहीत. उठून हात धुतले. पुन्हा आंब्याचं नाव काढलं नाही. त्या काळात इन्सुलिनची सुई उकळून घ्यावी लागे, रोजचा व्याप, तर ते 'उद्या घेतो' म्हणायचे आणि आई 'असू दे, आज थकलेत' म्हणायची. साखर चढत होती ती चुकवलेल्या इंजेक्शनांनी. आंब्यावर आमचे डोळे होते, औषधावर कुणाचेच नव्हते. पुढे पायाची जखम चिघळली, आणि दवाखान्याच्या खाटेवरही त्यांनी माझ्याकडे आंबा मागितला नाही. जेवताना दोन फोडी देऊन इंजेक्शन वेळेवर दिलं असतं तर काय बिघडलं असतं? इतकी वर्षं झाली, बाजारात बेनिशान दिसला की मी हात लावून पुढे जाते.

म्हणून सांगते, फळ हे तुझा दुश्मन नाही, तसंच ते तुझा वैद्यही नाही. तुझ्या हातातून जांभूळ तर मी कधीच काढून घेणार नाही. गोळी घेतलीस का, एवढंच विचारते.

चिडून बरंच लिहिलं. विनू म्हणतो, "आई, तू पत्र लिहितेस की समन्स?" जाऊ दे. आता जरा गोड ऐक, बिनसाखरेचं.

जांभळं मिठाच्या पाण्यात धुऊन निथळून घे. स्टीलच्या डब्यात घाल, वर चिमूटभर काळं मीठ, किंचित तिखट, भाजल्या जिऱ्याची पूड, झाकण घट्ट लाव आणि डबा दोन्ही हातांनी खळाखळा हलव. साली जरा फुटतात, रस सुटतो, मीठ आत शिरतं. मूठभरच, सावकाश, बी चोखत खायचं. चावून खाल्लं की पोट भरल्याचं कळतं, प्यालं की कळत नाही. फालसे मिळाले तर हाताने कुस्करून, पाणी घालून गाळून घे, सैंधव पुरे, साखरेची आठवणही येत नाही. पुढे कच्ची करवंदं आली की तुझ्या तेलुगू मैत्रिणीकडून वाक्काया पप्पू शिकून घे. तुरीच्या डाळीत चिरलेली करवंदं, बिया काढून, वर लसणाची फोडणी. चिंचेची गरज नाही आणि पोटात डाळही जाते. असली आंबट फळं ॲल्युमिनियमच्या किंवा लोखंडी भांड्यात शिजवू नकोस, चव बिघडते आणि रंग काळाकुट्ट होतो. ब्लूबेरी आणलीच आहेस तर फेकू नको, सकाळी दह्यात चार-सहा टाकून खा. मध मात्र विनूच्या हाती इकडे पाठवून दे.

रविवारी ये. रायदुर्गला मेट्रोत बस, अमीरपेटला बदल, उस्मानिया मेडिकल कॉलेजला उतर, विनू स्कूटर घेऊन उभा राहील. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, पातळ आमटी करते. जेवताना माझी गोळ्यांची पट्टी मी काढीन, तुझी तू काढ, दोघी बरोबरच घेऊ. रिपोर्ट दाखव म्हणणार नाही. साखरेवर बोलायचं नसेल तर नको बोलूस, ऑफिसातल्या त्या खडूस बाईच्या गोष्टी सांग, मला आवडतात. आणि बेनिशान अजून मिळतोय. एक आणून ठेवते. तू कापायचा, दोन फोडी तुझ्या, दोन माझ्या. एकटीने माझ्याच्याने होत नाही.

एवढ्याशा त्या रिपोर्टने तू आमच्यासाठी कुणी वेगळी झालेली नाहीस, बाळा. एकटीने घाबरत बसू नकोस. घाबरायचंच असेल तर इकडे येऊन घाबर.

तुझी,
कुमुदमावशी

ता. क. डॉक्टरांकडे पुन्हा जायचा संकोच वाटत असेल तर मी बरोबर येते. बाहेरच्या बाकावर बसेन. आत एक शब्द बोलणार नाही, शप्पथ.