झळाळी आणि ओरखडे

मोटारींच्या प्रदर्शनात प्रत्येक गाडी आरशासारखी भासते. परंतु दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसली, तर समजावे, की धूळ कोरड्या फडक्याने पुसली आहे. वास्तविक ओरखडे सर्व दिशांना असतात. दिव्याला आडवे येणारेच चमकतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो. रंगावरील पारदर्शक थर केसाहूनही पातळ. वाळूचे कण त्याला कानशीसारखे घासतात.

जुलै २०२१ च्या महापुरात महाड गाळाने माखले, तेव्हा हा धडा आपल्या दारी आला. गाळ आधी भरपूर पाण्याने वाहू द्यावा, मगच ओले मऊ फडके फिरवावे. पोलादपूरच्या पावसात पत्र्यापर्यंत गेलेला ओरखडा गंजतो आणि मिनीडोरवर पोट असणाऱ्याला तो महागात पडतो. प्रदर्शनातील गाडीचे फक्त रूप जाते.